पश्चिम सोडून कुठेही

"विंडसर का नाही?" आईनं कागदावरून नजर न उचलता विचारलं.

नकुलचं डोकंच सटकलं. दोन संध्याकाळी खपून त्यानं आईसाठी पाच सहली आखल्या होत्या, लंडनहून सकाळी निघून संध्याकाळी घरी परत. ब्रायटन, केंब्रिज, कँटरबरी, सेंट ऑल्बन्स, साउथेंड. कुठून बसायचं, कुठे गाडी बदलायची, परतीची कुठली, सगळं मराठीत लिहून. आणि बाईंना हवं विंडसर!

"रुळांचं काम चालू आहे तिकडे," तो म्हणाला.

"दोन्ही आठवडे?"

"हो, दोन्ही आठवडे. हा देश असाच आहे."

काम कसलं आलंय डोंबलाचं. ईलिंगला घराजवळ पश्चिमेची गाडी पकडली की ती थेट रीडिंगला जाते, विंडसरचा रस्ताही तोच. आणि रीडिंगला ऋजुता होती. त्याची बायको जानेवारीतच बॅग भरून तिकडे मैत्रिणीकडे, नीनाकडे, निघून गेली होती. आईला त्यानं सांगितलं होतं की ती ऑफिसच्या प्रोजेक्टवर एडिनबराला आहे, सुट्टी मिळत नाही. आई पंधरा दिवसांसाठी आलेली, रविवारी तिचं परतीचं विमान. तोवर तिला कळता कामा नये, बस्स. एकदा ती सांगलीला पोचली की फोनवर काय ते हळूहळू सांगता आलं असतं, आपल्या पद्धतीनं.

आणि असं झालं तरी काय होतं? एक-दोनदा आवाज चढला होता. एकदा ताट भिंतीवर गेलं होतं. दिवसभर मीटिंगांमध्ये पिचलेला माणूस कधी चिडणारच ना? पण नाही, बाईसाहेबांना घर सोडायचं होतं. नुसत्या विचारानं त्याची कानशिलं तापायची. आई यायच्या आधी त्यानं तिला मेसेज टाकला होता, आई असेपर्यंत तोंड उघडू नकोस म्हणून. तिनं उत्तरसुद्धा दिलं नव्हतं. माज, दुसरं काय.

आई मात्र निघाली. सांगलीच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत तीस वर्षं काढलेली बाई ती, इथल्या गाड्यांना थोडीच घाबरणार. तू तुझ्या कामाला बस, मी माझी जाते, असं सांगून तिनं सकाळी डब्यात सहा पोळ्या बांधून घेतल्या. एकटीला सहा कशाला, तर म्हणे प्रवासात भूक लागते.

ब्रायटनहून परतल्यावर त्यानं विचारलं, कसा होता समुद्र. समुद्रासारखाच, असं म्हणून ती चहा ठेवायला गेली. फोटो एकही नाही. दोन दिवसांनी केंब्रिजचाही नाही. इथे माणसानं मरमर करून एकेक गाडी शोधायची आणि हिच्या तोंडून शब्द फुटू नये! तिथल्या नदीत नावेत तरी बसलीस का, असं त्यानं जरा जोरातच विचारलं.

आई त्याच्याकडे बघत राहिली. "तू घरात नेहमी एवढ्या मोठ्यानं बोलतोस?"

"मोठ्यानं कुठे? विचारतोय फक्त."

कँटरबरीहून आली त्या दिवशी तिचे डोळे लाल होते. वारं फार होतं म्हणाली, आणि न जेवताच पडली. त्याला त्याचाही राग आला. भाजी त्यानं केली होती.

एक मात्र बरं झालं होतं. आल्या आल्या आई दिवसातून चारदा ऋजुताचं विचारायची. फोन का करत नाही, तिकडे जेवते काय, शनिवारी तरी येईल का. दर वेळी नवं खोटं रचताना त्याला घाम फुटायचा आणि मग ऋजुताचाच संताप यायचा. ही अशी निघून गेली नसती तर ही वेळच आली नसती. पण पहिल्या सहलीनंतर आईचे प्रश्न बंदच झाले. तिचं मन रमलं, असं त्याला वाटलं. आपलं डोकं चाललं म्हणून तो स्वतःवर खूशही झाला.

शुक्रवारी साउथेंड उरकलं. शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यानं शेवटचा कागद काढला, दुसऱ्या दिवशी ईलिंगहून हीथ्रोला कसं जायचं त्याचा. आता फक्त एक रात्र काढायची होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता.

कागद घेऊन तो बाहेर आला तर आई कोट चढवत होती. तिची मोठी बॅग दाराशी होती.

"अगं, विमान उद्या आहे."

"माहीत आहे." तिनं कागद वाचला, घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिला. "आज मी रीडिंगला मुक्कामाला जातेय. उद्या तिथून विमानतळाला थेट बस आहे, ऋजुता येतेय सोडायला."

आईनं कोटाची बटणं लावली.

"तू येऊ नकोस. रस्ता पाठ झालाय मला. पहिल्या सहलीच्या आदल्या रात्रीच मी ऋजुताला फोन लावला होता. पाचही दिवस मी तिच्याकडेच जात होते."