खासगी मजकूर

एचआरच्या मोरी-सानने कागदांचा गठ्ठा सदानंदच्या पुढे सरकवला आणि अदबीने मान लववली. "फक्त अर्थ सांगा, सदानंद-सान. तुमचं मत नको."

टेबलापलीकडे अनुराधा बसली होती. जपानमधल्या नागोयाच्या त्या ऑफिसात मराठी माणसं दोनच, ती आणि सदानंद. जेवणाच्या सुट्टीत ती ऑफिसच्या मेलवरून पुण्याच्या एका पत्त्यावर लिहायची. इंग्रजी अक्षरांत मराठी. मेलवर नजर ठेवणाऱ्या सिस्टिमला त्यातलं काही कळेना. कंपनीच्या नव्या ब्रेकचं डिझाइन बाहेर जातंय की काय अशी शंका आली, आणि अर्थ लावायला सदानंदला बोलावणं गेलं.

"सर, वाचू नका," अनुराधा मराठीत म्हणाली. "डिझाइन नाहीये त्यात. मी तसं करणार नाही, तुम्हाला माहितीये."

"मला माहितीये गं. त्यांना नाही ना." सदानंद चष्मा पुसत राहिला. "मी नाही म्हटलं तर बाहेरचा कुणी आणतील. प्रकरण वकिलांकडे जाईल."



मीटिंगमध्ये दुभाष्याचं काम करायची त्याला सवय होती. बोलणाऱ्याचं 'मी' तो तसंच आपल्या तोंडी घ्यायचा. आजही घेतलं. पहिला कागद उचलून तो जपानीत सांगू लागला.

"यतीन, तू माझा फोन ब्लॉक केलास, माझा खासगी मेलही. ऑफिसचा पत्ता तेवढा राहिलाय, म्हणून इथून लिहितेय."

"यतीन म्हणजे?" मोरी-सानने विचारलं.

"नवरा," अनुराधानेच जपानीत उत्तर दिलं.

सदानंद पुढे गेला. "सुट्टीसाठी म्हणून तन्वीला पुण्याला नेलंस. इथली शाळा सुरू झाली तरी परत आणली नाहीस. झोपताना तिला कुणाचा तरी कान धरायला लागतो. आईंना सांग, तिच्यावर रागावू नका. मी तुला परत ये म्हणत नाही. काहीच मागत नाही. तिच्याशी एकदा बोलू दे."

मोरी-सानचं पेन थांबलं. सदानंदने पुढचा कागद मनात वाचला, त्याच्या पुढचाही.

"सगळ्यांत हेच आहे," तो म्हणाला.

"माफ करा. तरी प्रत्येक वाचावा लागेल. नियम आहे."

सदानंदने प्रत्येक वाचला. एकात तन्वीचा इथे असताना पडलेला दात होता, एकात तिला ताप तर येत नाही ना ही चौकशी. एकात फक्त 'जेवली का ती?' एवढंच होतं. हे सगळं त्याच्या जाड, पन्नाशीच्या आवाजात खोलीत ऐकू येत होतं. अनुराधा मान खाली घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होती.

शेवटचा कागद ठेवल्यावर ती हळूच म्हणाली, "सर, घरी मैथिलीताईंना बोलू नका. माझ्या आईलाही अजून सांगितलेलं नाहीये मी."

"नाही बोलणार." आपल्या बायकोपासून त्याने आजवर काही लपवलं नव्हतं.

कागद नीट जुळवून मोरी-सान उभा राहिला आणि कमरेतून खोल वाकला. तिला झालेल्या त्रासाबद्दल त्याने कंपनीतर्फे माफी मागितली. माहिती बाहेर गेलेली नाही. तिची नोकरी शाबूत आहे. खासगी वापर मात्र झालेला आहे, त्यामुळे उद्यापासून त्या पत्त्यावर मेल जाणार नाही.

अनुराधाने मान हलवली. तेही तिने ऐकून घेतलं.

"तसाही समोरून संपर्क जवळपास नाहीच," मोरी-सान लॅपटॉपकडे बघत म्हणाला. तिला धीर द्यावा असं त्याला मनापासून वाटत होतं. "उन्हाळा संपता संपता त्या पत्त्यावरून एकच मेल आला होता. सोबत ऑडिओ फाइल होती. अनोळखी भाषा म्हणून सिस्टिमने तो अडवला आणि मुदतीनंतर पुसून टाकला."

अनुराधा उठून उभी राहिली. "काय होतं त्यात?"

मोरी-सान गोंधळला.

"लहान मुलीचा आवाज होता का?"

"ते आम्ही ऐकलेलं नाही, अनुराधा-सान," तो घाईघाईने म्हणाला. "त्याची काळजी नसावी. दुसऱ्याचं खासगी बोलणं ऐकणं कंपनीच्या नियमात बसत नाही."

जपानीतलं ते वाक्य अनुराधाला शब्दन् शब्द कळलं होतं. तरीही ती सदानंदकडे वळली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, मराठीत तो काही वेगळं सांगेल म्हणून.