आवाज येतो का?

बायको गेल्यापासून शिंप्याच्या मनात एकच भीती घर करून बसली होती: आता आपल्याला वेड लागणार. शिवता शिवता तो मशीन थांबवायचा आणि तिचा आवाज येतोय का, ते कान देऊन ऐकायचा. शेवटी मुलीने त्याला डॉक्टरांकडे ओढून नेलं.

"त्यांचा आवाज ऐकू येतो कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही."

"मग निर्धास्त राहा. तुम्हाला वेडबिड काही लागत नाहीये."

बाहेर येताच मुलगी हसली. "बघा बाबा, पहिल्यापासून होतात तेवढेच वेडे आहात. आता तरी गेली ना भीती?"

"गेली," म्हणत तो दवाखान्याच्या पायरीवरच बसला. "पण इतक्या दिवसांत एकदाही बोलली नाही गं ती."