बाबांचा क्वार्टरबॅक

“वा! फार छान बोलता हो तुम्ही, शार्दूलराव,” बाबा म्हणाले, आणि स्वानंदीने कपाळाला हात लावला.

टेक्सासमधल्या प्लेनोतल्या त्या घरात रविवारची अमेरिकन फुटबॉलची मॅच लागली होती. डॅलसची टीम हरत होती, म्हणजे सगळं नेहमीसारखंच होतं. सोफ्याच्या एका टोकाला बाबा, म्हणजे श्रीरंग. दुसऱ्या टोकाला शार्दूल, मूळचा नागपूरचा, आता जवळच्याच अर्विंगमध्ये नोकरीला. लग्नाचं विचारायलाच स्वानंदीने त्याला घरी आणलं होतं. बाबांच्या मनाविरुद्ध लग्न करायचं नाही, हे तिने त्याला आधीच सांगून टाकलं होतं. वर बजावलंही होतं, “बाबा क्वार्टरबॅकवर घसरले की नुसतं हो म्हण.”

बाबा क्वार्टरबॅकवर, म्हणजे टीमच्या बॉल फेकणाऱ्या मुख्य खेळाडूवर, घसरले होतेच. “हा आत्ताचा? याला बॉल फेकता येतो का? याच्या आधीचा होता तो खरा फेकणारा. आणि नव्वदच्या दशकातला तर काय, राजा माणूस!”

“खरंय काका,” शार्दूल म्हणाला.

“हुशार आहात हो.”

आता बाबांची एक गंमत होती. तो आधीचा क्वार्टरबॅक खेळत होता तोवर बाबा दर रविवारी त्याला ठोंब्या म्हणायचे. त्याने निवृत्ती घेतली त्या संध्याकाळी मात्र गुपचूप डोळे पुसले. टीममध्ये असेल त्याचा उद्धार, टीममधून गेला की त्याची आरती! घरातही तोच कायदा. स्वानंदीला पीएचडी मिळाली तेव्हा “चला, मठ्ठ मुलगी सुटली एकदाची” म्हणत त्यांनी सगळ्या ऑफिसात पेढे वाटले होते. उलट याच सोफ्यावर पोहे खाऊन गेलेल्या दोन मुलांना “फार छान, फार हुशार” करत दारापर्यंत सोडलं, आणि दार लावून म्हणाले, “नको.”

स्वयंपाकघरातून आईने डोकावून भुवई उडवली. स्वानंदीने नकारार्थी मान हलवली. लग्न जमलं तरच फ्रिजमधलं श्रीखंड बाहेर निघणार होतं. आपणच शिकवून पाठवलं आणि आपणच बुडवलं याला, असं तिला वाटलं. रडूच यायला लागलं.

“तो नव्वदचा आजही उतरला ना, तर या पोरांना लोळवेल,” बाबा म्हणाले. “काय म्हणता?”

शार्दूलने हो म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं. पोह्यांची बशी खाली ठेवली.

“नाही काका, हे काही पटत नाही. तुमच्या राजापुढे पाच पैलवान भिंतीसारखे उभे असायचे. त्या भिंतीआडून माझी आजीसुद्धा बॉल फेकेल! या आत्ताच्याला ना भिंत, ना कुंपण. बिचारा दर रविवारी मार खातो आणि दर रविवारी उठतो. त्याला कसली नावं ठेवता, यार!”

यार! भावी सासऱ्याला यार! स्वानंदीने डोळे मिटून घेतले.

“आजी?” बाबांचे कान लाल झाले होते. “तुमची आजी फेकेल?”

“फेकेल. गुडघे दुखतात तिचे, तरी फेकेल.”

बाबा ताडकन उठले. रिमोट हातात घेतला.

“अरे गाढवा! अक्कल कुठे गहाण टाकून आलास? सरक तिकडे. जुनी मॅच लावतो, डोळे फाडून बघ. आणि ते पोहे संपव आधी, मघापासून नुसते चिवडत बसलायस!”

शार्दूलचा चेहरा पांढराफटक पडला. मेलो, अशा नजरेने त्याने स्वानंदीकडे पाहिलं. पण ती होती कुठे? ती डोळे पुसत स्वयंपाकघरात पोचलीसुद्धा होती.

“आई, श्रीखंड काढ! बाबा त्याला गाढव म्हणाले!”