रमलेलं पोर

वरवंडच्या प्ले-स्कूलमध्ये नोकरी करता करता अपेक्षा मॅडम परदेशातला बालशिक्षणाचा ऑनलाइन डिप्लोमा करत होत्या. शेवटचा व्हिडिओ आजच पाठवायचा होता. आईसाठी रडणाऱ्या मुलाला शिक्षिका कसं शांत करते, ते त्यात दाखवायचं होतं.

पण आज वर्गात कुणी रडेचना. सुरुवातीला हमसून हमसून रडणारा शंभूसुद्धा ठोकळे रचत बसला होता. सकाळी त्याला सोडताना त्याची आई कौतुकानं म्हणाली होती, “आता रडत न्हाई ओ मॅडम. तुम्ही सांगाल ते खरं वाटतं त्याला.”

मॅडमनी मोबाइल खिडकीत नीट उभा केला. रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी शंभूला मांडीवर घेऊन, गालावरून हात फिरवत त्या म्हणाल्या,

 

“शंभू, तुझी आई आता कधीच येणार नाही हं.”