समक्ष

बाबा पोलीस अधिकारी होते. त्यांच्या बहुतेक पंचनाम्यांवर साक्षीदार म्हणून पानवाल्या परसूकाकांची सही असायची. काका मात्र टपरी सोडून घटनास्थळी कधीच गेले नाहीत.

कॅम्प एक या जुन्या वस्तीत झालेल्या बाबांच्या शोकसभेत काकांनी माईक घेतला. "सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, माझ्या समक्ष, कोणाच्याही दबावाशिवाय साहेबांनी प्राण सोडला."

"हा कुठे होता गं तिथे?" आत्या माझ्या कानात पुटपुटली.

तिथे कोणीच नव्हतं. बाबा बदलापूरच्या फ्लॅटमध्ये एकटेच गेले. मी तेव्हा बंगळुरूच्या लॅबमध्ये होते.

सभा संपल्यावर मी काकांना जाब विचारायला बाजूला नेलं.

 

"काका, शेवटी बाबांनी माझं नाव घेतलं का हो?"