तळपायांना कुणी आग लावली नव्हती

"सर, ते सरदार खरंच क्रॉसवर थुंकायचे का?"

तनूने विचारून टाकलं. भर चर्चमध्ये, मोठ्याने. मागे अर्चना आणि सारा स्कार्फमध्ये तोंड खुपसून हसत होत्या. पैज शाळेच्या सहलीच्या बसमध्येच लागली होती, क्रिस्प्सच्या, म्हणजे वेफर्सच्या पाकिटाची. तनूची हिंमतच होणार नाही म्हणे! मागच्या वर्षीच्या तनूची झाली नसती. पण या टर्मपासून ती डिबेट टीममध्ये होती आणि कुणाच्या बापाला भीत नव्हती.

हिस्टरीचे मिस्टर होल्ट रागावले नाहीत. उलट खूश झाले. "छान प्रश्न. थुंकायचे, क्रॉस नाकारायचे, असा आरोप होता," ते म्हणाले आणि सुरूच झाले. हे सरदार, म्हणजे टेम्पलर, आधी मूठभर लोक. जेरुसलेमच्या वाटेवर यात्रेकरूंना चोर लुटायचे, म्हणून राखणीला उभे राहिलेले. अर्धे साधू, अर्धे शिपाई. अंगावर पांढरा झगा, त्यावर लाल क्रॉस. मग पोपचा हात डोक्यावर आला. किल्ले आले, जहाजं आली, देशोदेशी जमिनी आल्या. लंडनमधलं हे गोल चर्चही त्यांनीच बांधलं. मग फ्रान्सच्या राजाची नजर त्या सगळ्यावर गेली. या महिन्यात सातशे वर्षं झाली, एका पहाटे त्याने सगळ्यांना एकदम उचललं.

"आणि त्यांनी कबूल केलं?" तनूने विचारलं.

"फ्रान्समध्ये बहुतेकांनी केलं. तळपायांना चरबी चोळून आगीसमोर धरलं की माणूस काहीही कबूल करतो."

"फट्टू सगळे," अर्चना तनूच्या कानात मराठीत म्हणाली.

"आणि इथले, सर?"

"इंग्लंडमध्ये सुरुवातीला छळाला परवानगी नव्हती. नुसते प्रश्न विचारत राहिले. कित्येक महिने. इथे जवळजवळ कुणीच कबूल झालं नाही."

"ऑब्व्हियसली," सारा म्हणाली. "कुणी हातसुद्धा लावत नसेल, तर जे आपलं आहे ते कोण कशाला नाकारेल?"

तनूचं हसू तिथेच बंद झालं. कान तापले. अर्चनाने क्रिस्प्सचं पाकीट तिच्या हातात कोंबलं. "घे, जिंकलीस! काय डेअरिंग आहे गं तुझं!" तनूने ते घेतलं. फोडलं मात्र नाही.

तिला उन्हाळ्याच्या सुट्टीतली दुपार आठवली. अर्चनाची आई, मधुमतीकाकू, पहिल्यांदाच त्यांच्या हाउन्सलोच्या घरी आल्या होत्या. फ्रंट रूममध्ये बुद्धाची मूर्ती होती. वर भिंतीवर निळ्या सुटातले बाबासाहेब. मूर्तीचं काही नव्हतं. बुद्ध इथे गार्डन सेंटरमध्येही मिळतो. शेजारच्या बाईंनी तर तो बागेत, टोमॅटोच्या कुंडीशेजारी बसवलाय. काकू थांबल्या त्या फोटोसमोर.

"हा तुमचा का गं?"

एवढंच. आवाज चढवला नाही, डोळे मोठे केले नाहीत. हातात चहाचा कप होता आणि एक बिस्किट.

"नाही नाही काकू, आधीच्या मालकांचा आहे. काढायचा राहिलाय," तनू म्हणाली.

"तरीच. तुम्ही लोक तसे वाटत नाही." काकूंनी बिस्किट चहात बुडवलं.

तेव्हा दारात ट्रे घेऊन बाबा उभे होते. त्यांनी ऐकलं. काकूंना शेव वाढली. पण तेव्हापासून अर्चना येणार असली की भिंतीवर नुसता खिळा असायचा. कोण काढतं, कधी काढतं, तनूने एकदाही विचारलं नव्हतं. बरंच वाटायचं तिला. हो, बरंच वाटायचं.

आज संध्याकाळी अर्चना पोस्टर करायला येणार होती. काकूच सोडायला येणार होत्या.

तनू घरी पोचली तेव्हा बाबा फ्रंट रूममध्ये खुर्चीवर चढलेले. खाली आई टॉवेल पसरून उभी.

"आलीस? झालंच बघ," बाबा म्हणाले. त्यांनी फ्रेम खालून अलगद उचलली. काच जराही वाजली नाही. टॉवेलची एक घडी खालून, एक वरून. पुस्तकाला कव्हर घालावं तसं.

"तुम्हाला किती जमतं हे," तनूच्या तोंडून निघून गेलं.

आई हसली नाही. "जमणारच. नाशिकला भाड्याच्या खोलीत राहायचे ना. मालकीण जिन्यात दिसली की हा फोटो पिठाच्या डब्यामागे ठेवायचं काम ह्यांचं. तिला कळलं असतं, तर सगळ्यांचं सामान रस्त्यावर."

"जाऊ दे ना कल्याणी, पोरीला कशाला ते." बाबा खाली उतरले. "तनू, जा, कपडे बदल. येतील त्या."

तनू हलली नाही. तिकडे खोली जाणार होती. इथे काय जाणार होतं? एक बिस्किट?

तिने खाली पाहिलं. तिचे पाय मोज्यांत होते, मऊ कार्पेटवर. शेजारी रेडिएटर कोमट होता.

बाबांच्या हातातून तिने ते गाठोडं काढून घेतलं. खुर्चीवर चढली. टॉवेल आईच्या खांद्यावर पडला. फ्रेम खिळ्यावर बसेना. बसली तीही जरा तिरकी.

"अगं, त्या आल्या वाटतं," बाबा म्हणाले. बाहेर गाडीचं दार वाजलं होतं.

"आईबाबा, दार मी उघडणार," तनू म्हणाली. डिबेटमधला आवाज कुठच्या कुठे गेला होता. "आणि काकूंना दारातच सांगणार की मी खोटं बोलले, हा फोटो आमचाच आहे. चहाचं त्यानंतर विचारेन."