पूर्ण नाव

रत्नागिरीच्या बंदरावर बायकांचा प्रौढ शिक्षण वर्ग भरायचा. नियम असा, की स्वतःचं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं तरच बाई साक्षर. आणि सगळ्या साक्षर झाल्या तरच वर्गाला पुढचं अनुदान.

भागूबाई अख्खा धडा घडाघडा वाचायची. नाव वाचताना मात्र नवऱ्याच्या नावापाशी लाजून थांबायची. श्रावणात तपासणीला आलेल्या साहेबांनी तिला निरक्षर ठरवलं, वर्गाचं अनुदान अडकलं. मग नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या.

दिवाळीनंतर साहेब पुन्हा आले. भागूबाई उठली आणि फळ्यावरचं वाचलं, "भागूबाई खंडू भाटकर." कुठेही न अडखळता.

"शाब्बास! मग श्रावणात काय झालं होतं?"



"तेव्हा ते होते, साहेब."